वीस अंकी संख्येची पारख

१२३४५६७८९१०९८७६५४३२१. एकपासून दहापर्यंत चढत जायचं आणि तसंच परत एकपर्यंत उतरायचं. ही वीस अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडली तर तिला दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मूळ संख्येची ही व्याख्या मला शाळेतली म्हणून आठवत होती, त्यापलीकडे काही नाही. पण वाक्य डोक्यातून जाईना. एवढ्या मोठ्या संख्येला काहीच भाग जात नाही हे कोणी पाहिलं? कुठवर भागून पाहिलं? आणि आणखी थोडं पुढे भागलं असतं तर एखादी संख्या सापडली नसती कशावरून?

माझं तिसगावात कृषी सेवा केंद्र आहे. नगरहून पाथर्डीकडे येताना करंजीचा घाट मागे पडला की पुढे आमचं गाव लागतं. बियाणं, खतं, औषधं आणि उधारीची वही एवढ्यात माझं अंकगणित सामावतं. शिक्षण कॉमर्सचं. होळीपासून पाडव्यापर्यंत इथून जवळ मढीला कानिफनाथांची यात्रा असते. रस्ता माणसांनी भरून वाहतो, पण खरिपाला अजून अवकाश असल्यामुळे माझ्या दुकानात निवांतपणा असतो. त्या दिवसांत गणितज्ञ कापरेकरांविषयी वाचत होतो आणि त्यातून या संख्येपाशी पोचलो. गणितातलं आपल्याला काहीच येत नाही, ही जाणीव पहिल्या पानापासून सोबत होती.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर राहिले. त्यांच्या नावे ओळखला जाणारा ६१७४ हा स्थिरांक अनेकांना ठाऊक असतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करत राहा, शेवटी ६१७४ येते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगभरात नाव झालं. हा माणूस विद्यापीठात प्राध्यापक नव्हता, शाळेत शिकवत होता आणि कागद-पेन्सिलीनं संख्या तपासत होता, हे वाचून मला धीर आला. मी दुकानातली एक जुनी वही काढली.

कापरेकरांच्या 'डेम्लो' संख्या मी सगळ्यात आधी उतरवून घेतल्या. जुन्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून साधारण ३० मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आताचं डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून त्यांनी तेच नाव दिलं. त्यांतला सर्वात देखणा गट असा: ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. मी एकेक वर्ग करत गेलो. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर बारा अंक मावतात, त्यामुळे सहा एककांपर्यंतचा वर्ग, १२३४५६५४३२१, त्यावर बसला. पुढचे कागदावर मांडले. नऊ एककांचा वर्ग बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ आला. गुणाकार एकाखाली एक सरकवून लिहिला की कारण दिसतं: मधल्या स्तंभात नऊ एकक येतात, त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ, मग सात-सात. २ पासून ९ पर्यंत टोक असलेली चढउताराची प्रत्येक संख्या कशाचा तरी वर्ग आहे, म्हणजे त्यांतली एकही मूळ नाही.

आता टोक दहा. दहा एककांचा वर्ग केला की मधल्या स्तंभात दहा एकक येतात, हातचा पुढे जातो आणि सगळी रांग विसकटते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. हे एकोणीस अंक झाले आणि त्यात आठ कुठे तर फक्त उतरताना. मला हवी ती वीस अंकी संख्या म्हणजे हा वर्ग नव्हेच. नवापर्यंत जी सुंदर रचना संख्यांना विभाज्य बनवत होती ती दहावर संपते. रचना संपली म्हणून संख्या आपोआप मूळ ठरत नाही, हेही कळलं. आता प्रत्यक्ष तपासण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या आठवून पाहिल्या. शेवटी १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. ३ साठी अंकांची बेरीज करायची: चढताना ४५, मधल्या दहाचे १ आणि ० मिळून १, उतरताना ४५, एकूण ९१. ९१ ला ३ ने भाग जात नाही. ११ साठी एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करून फरक घ्यायचा. बेरजा ४६ आणि ४५ आल्या, फरक १. म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी १ उरते. एका अंकाने हुकली, असं वाटून मी ती बेरीज पुन्हा तपासली. बरोबर होती.

७ ची सोपी कसोटी मला ठाऊक नव्हती. शोधल्यावर एक युक्ती मिळाली आणि ती फार आवडली. ७ गुणिले ११ गुणिले १३ म्हणजे १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एकाआड एक अधिक-उणे करत जायचं. आपल्या संख्येचे गट असे पडतात: १२, ३४५, ६७८, ९१०, ९८७, ६५४, ३२१. उजवीकडून ३२१ वजा ६५४ अधिक ९८७ वजा ९१० अधिक ६७८ वजा ३४५ अधिक १२. उत्तर आलं ८९. वीस अंकांच्या ऐवजी आता फक्त ८९ ला ७, ११ आणि १३ ने भागून पाहायचं. तिन्हींपैकी एकानेही भाग जात नाही. एका बेरीज-वजाबाकीत तीन मूळ संख्या निकालात निघाल्या.

१७ साठी अशी युक्ती मला सापडली नाही, म्हणून सरळ भागाकार केला. संख्या वीस अंकी असली तरी तेच तीन-तीनचे गट कामाला येतात, कारण बाकी पुढच्या गटासमोर लिहिली की झालं. १२३४५ ला १७ ने भागलं, बाकी ३. मग ३६७८, बाकी ६. मग ६९१०, बाकी ८. ८९८७, बाकी ११. ११६५४, बाकी ९. शेवटी ९३२१, बाकी ५. याच रीतीनं १९ ने बाकी ३ आणि २३ ने बाकी १० उरली. हा सगळा हिशेब बारा अंकी कॅल्क्युलेटरवर आरामात मावतो. पण कुठवर जायचं? संख्येचे दोन तुकडे पडत असतील तर त्यांतला लहान तुकडा वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे. आपल्या संख्येचं वर्गमूळ सुमारे ३५१ कोटी आहे. तिथपर्यंत मूळ संख्याच साधारण १७ कोटी आहेत. दर सेकंदाला एक भागाकार, झोप नाही, जेवण नाही, असं धरलं तरी पाच वर्षांहून जास्त. मी २३ पर्यंत आलो होतो.

माझी पुतणी नगरला कॉम्प्युटर शिकते. सुटीत घरी आली तेव्हा वही तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, "काका, १७ कोटी भागाकार लॅपटॉप करून टाकील. पण संख्या चाळीस अंकी असली तर तुम्ही काय कराल?" आम्ही मिळून हिशेब मांडला. चाळीस अंकी संख्येचं वर्गमूळ वीस अंकी. एकावर वीस शून्यं इतके भागाकार, आणि यंत्रानं सेकंदाला १०० कोटी केले तरी तीन हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. मग मी जिथे अडलो होतो, तिथली वाट तिनं सांगितली. "कशाने भाग जातो हे शोधूच नका. संख्या मूळ संख्येसारखी वागते का, ते बघा." संख्येला वागणूक असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ही वागणूक पिअर फर्मा या फ्रान्समधल्या कायदेपंडितानं १६४० साली एका पत्रात मांडली होती. एखादी मूळ संख्या घ्या. तिच्याहून एक कमी इतक्या वेळा २ घेऊन ते एकमेकांशी गुणा, म्हणजे २ चा तेवढा घात करा, आणि त्या मूळ संख्येने भागा. बाकी १ च उरते. (संख्या २ सोडून.) २ च्या जागी त्या संख्येने भाग न जाणारा दुसरा कोणताही पाया घेतला तरी हेच. मी वहीत करून पाहिलं. ७ साठी २ चा सहावा घात ६४, बाकी १. ११ साठी दहावा घात १०२४, बाकी १. १३ साठी बारावा घात ४०९६, बाकी १. मग संयुक्त संख्या घेतल्या: ९, १५ आणि २१ साठी बाकी ४ उरली, २५ साठी १६. एकही १ नाही. १५ चे तुकडे ३ आणि ५ आहेत हे न वापरता, १५ मूळ नाही हे या बाकीनं सांगितलं. विभाजक शोधल्याशिवाय निकाल लागतो, हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पाहत बसलो.

पुतणीनं लगेच ३४१ ही संख्या लिहून दिली. तीनशे एक्केचाळीस म्हणजे ११ गुणिले ३१, उघड संयुक्त. पण २ चा दहावा घात १०२४, आणि १०२३ म्हणजे ३४१ ची तिप्पट. म्हणून १०२४ ला ३४१ ने भागून बाकी १ उरते. तीच बाकी चौतीस वेळा गुणली की २ चा ३४० वा घात होतो, बाकी पुन्हा १. संयुक्त असूनही ३४१ फर्माच्या कसोटीतून मूळ संख्येच्या वेषात निघून जाते. पाया बदलून ३ घेतला तर ती पकडली जाते. पण ५६१ सारख्या काही संख्या अशा आहेत की त्यांच्याशी सामाईक विभाजक नसलेला कोणताही पाया घेतला तरी बाकी १ च येते. १९१० साली अमेरिकेतल्या रॉबर्ट कारमायकेल यांनी अशा संख्यांवर लिहिलं, म्हणून त्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. माझ्या वीस अंकी संख्येला ही कसोटी लावून १ मिळाला तरी खात्री होणार नव्हती.

पुढची पायरी समजायला मला सर्वात जास्त वेळ लागला, आणि ती समजल्याचा आनंदही सर्वात जास्त. समजा, एखाद्या संख्येचा वर्ग करून मूळ संख्येने भागल्यावर बाकी १ उरली. मग त्या वर्गातून १ वजा केला की मूळ संख्येने भाग जातो. वर्ग वजा १ म्हणजे दोन कंसांचा गुणाकार, संख्या वजा १ आणि संख्या अधिक १. मूळ संख्येला तुकडे नसतात, म्हणून तिला या दोनपैकी एका कंसाला पुरतं भागावंच लागतं. अर्थ असा की वर्ग करण्याआधीची बाकी एकतर १ असली पाहिजे, नाहीतर मूळ संख्येहून एक कमी. तिसरी काही असूच शकत नाही. हे बीजगणित आठवी-नववीचं आहे. त्याचा असा उपयोग होतो हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं.

मग ३४१ पुन्हा घेतली. ३४० ला दोनदा निम्मं केलं की १७० आणि ८५. २ च्या ८५ व्या घाताची बाकी ३२ येते, आणि तिचा वर्ग म्हणजे १७० वा घात, १०२४, बाकी १. वर्ग १ आला, पण त्याआधी होते ३२. ते १ ही नाही आणि ३४० ही नाही. मूळ संख्या असती तर हे घडलंच नसतं. गणितात अशा पायाला साक्षीदार म्हणतात, संख्या संयुक्त असल्याची साक्ष देणारा. इथे तर साक्षीदारानं त्याहून जास्त सांगितलं: ३२ वजा १ म्हणजे ३१, ३२ अधिक १ म्हणजे ३३, आणि ३४१ चे विभाजक ३१ आणि ११ याच दोघांत दडलेले आहेत. ५६१ ही याच रीतीनं पकडली जाते. या कसोटीला मिलर-राबिन कसोटी म्हणतात. गॅरी मिलर यांनी १९७६ साली आणि मायकेल राबिन यांनी १९८० साली तिला आजचं रूप दिलं.

आता वीस अंकी संख्या. तिच्यातून १ वजा केला आणि २ ने भागत गेलो. चार वेळा निम्मं झाल्यावर ७७१६०४९३१९३६७२८३९५ ही विषम संख्या उरली. २ चा इतका मोठा घात करायचा कसा? एकेकदा गुणत बसलं तर जन्म पुरणार नाही. पण वर्गाचा वर्ग करत गेलं की घातांक दरवेळी दुप्पट होतो. सहा वेळा वर्ग केला की ६४ वा घात मिळतो. दर वर्गानंतर वीस अंकी संख्येने भागून फक्त बाकी पुढे न्यायची, मग आकडा कधी हाताबाहेर जात नाही. या रीतीनं आपल्या घाताला साधारण ६० वेळा वर्ग करणं पुरतं, मध्ये गरजेप्रमाणे २ ने गुणायचं. १७ कोटी भागाकारांच्या जागी साठ-पासष्ट वर्ग! लॅपटॉपवर पायथॉन या भाषेत पुतणीनं एका ओळीची आज्ञा लिहिली, मी फक्त संख्या सांगितली. २ चा पाया उत्तीर्ण झाला. एंटर दाबून बोट उचलेपर्यंत उत्तर पडद्यावर होतं.

तरीही मन भरलं नाही, आणि याचं कारण माझ्या धंद्यात आहे. बियाण्याची उगवण तपासताना आम्ही ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळतो आणि किती उगवले ते मोजतो. त्यावरून पिशवीचा अंदाज येतो, पिशवीतल्या प्रत्येक दाण्याची हमी मिळत नाही. निरनिराळे पाये घेऊन केलेली ही कसोटीही तशीच वाटत होती. राबिन यांनी सिद्ध केलंय की संयुक्त संख्या असेल तर एक पाया फसण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश. पाये वाढवले की शंका घटत जाते, शून्य होत नाही. इथे मात्र मला धंद्यात कधी न मिळालेली गोष्ट मिळाली. गणितज्ञांनी हे शोधून सिद्ध केलं आहे की अमुक मर्यादेखाली अमुक पाये पुरेसे आहेत, त्यांना चकवणारी एकही संयुक्त संख्या त्या मर्यादेखाली नाही. पहिल्या अकरा मूळ संख्या, म्हणजे २ पासून ३१ पर्यंतचे पाये, ३८२५१२३०५६५४६४१३०५१ च्या आत पुरतात. आपली संख्या याच्या तिपटीहून मोठी आहे. पण त्यात ३७ हा बारावा पाया मिळवला की मर्यादा एकदम चोवीस अंकी होते, ३१८६६५८५७८३४०३११५११६७४६१. आपली संख्या तिच्या कितीतरी आत बसते. आम्ही बाराही पाये घेतले. बाराही उत्तीर्ण. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ मूळ आहे, आणि यात 'बहुधा' नाही.

कोणत्याही आकाराच्या संख्येला, कुठलीही शक्यता न धरता, अंकांच्या मानाने वाजवी वेळात निकाल देणारी पद्धत असू शकते का, हा प्रश्न बराच काळ खुला होता. तो २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच बी.टेक. झालेले विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सोडवला. त्या कसोटीला तिघांच्या आडनावांवरून एकेएस म्हणतात. फार मोठ्या संख्यांसाठी मात्र खास आकाराच्या संख्या निवडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' या स्वयंसेवकांच्या उपक्रमात ल्यूक ड्युरांट या अमेरिकन माणसाला अशी मूळ संख्या सापडली: २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा. तिचे अंक ४,१०,२४,३२०. एका पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांहून जास्त पानं लागतील. एवढ्या संख्येबद्दल मला काय सांगता येणार, असं म्हणून मी पान उलटणार होतो. मग बाकीचीच रीत आठवली. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे चाराच्या फेऱ्यात येतात. घातांकाच्या शेवटी ४१ आहे, ४ ने भागून बाकी १, म्हणून घाताचा शेवटचा अंक २. त्यातून १ वजा. म्हणजे चार कोटी अंकांच्या त्या संख्येचा शेवटचा अंक १ आहे, आणि हे तिसगावातल्या दुकानात बसून मी सांगू शकतो.

यानंतर माझं कुतूहल पुढच्या टोकांकडे गेलं. टोक अकरा: १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१. तीन-तीनचे गट पाडून अधिक-उणे केलं, १८९ आले. १८९ म्हणजे ७ गुणिले २७. सातानेच भाग गेला, संख्या बाद. टोक बारा: अंकांची बेरीज ९९, म्हणजे ९ ने भाग जातो. इथे मी थांबलो, कारण एक गोष्ट दिसू लागली. एकपासून टोकापर्यंत आणि परत एकपर्यंतच्या संख्यांची बेरीज नेहमी टोकाचा वर्ग येते, १+२+३+२+१ म्हणजे ९, ३ चा वर्ग. ९ ने भागताना अंकांची बेरीज आणि संख्यांची बेरीज सारखीच बाकी देतात. म्हणून टोकाला ३ ने भाग जात असेल तर चढउताराच्या अख्ख्या संख्येला ९ ने भाग जाणारच. १२, १५, १८, २१, सगळी टोकं एका फटक्यात बाद. हे आधी कोणी ना कोणी लिहिलेलं असणारच, पण मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

टोक तेरा मात्र चिवट निघालं. ती बत्तीस अंकी संख्या ७, ११ आणि १३ ला दाद देत नाही, १७ ने भागून १६ बाकी उरते. मग तिलाही पुतणीच्या त्या एका ओळीतून घातलं. २ चा पायाच नापास म्हणाला. म्हणजे ती संयुक्त आहे, तिचे तुकडे पडतात, पण ते तुकडे कोणते याबद्दल कसोटी एक अक्षर बोलत नाही. ३४१ मध्ये साक्षीदारानं विभाजक हातात दिले होते, इथे दिले नाहीत. विभाजक आहे हे कळणं सोपं आणि तो सापडणं अवघड. या फरकावरच रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली आपली आरएसए ही संदेश कुलूपबंद करण्याची पद्धत उभारली. त्यात शेकडो अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार सगळ्यांसमोर ठेवला तरी चालतो, कारण त्याचे तुकडे वाजवी वेळात कोणाला करता येत नाहीत.

बत्तीस अंकी संख्येचे तुकडे लॅपटॉप करून देईल, पण मी ते पुतणीला मागितलेले नाहीत. वहीत १९ पासून पुढचे भागाकार चालू आहेत, बाकी पुढच्या गटासमोर लिहीत. मोठी संख्या समजायला मोठं यंत्रच लागतं, अशी माझी समजूत होती. नुसत्या ताकदीनं १७ कोटी वेळा भागत बसण्याऐवजी प्रश्न नीट विचारला, तर बारा पाये पुरतात. तो प्रश्न विचारायला लागणारं गणित आपण सगळे शाळेत शिकून आलोय: घात, बाकी आणि वर्गातून १ वजा केल्यावर पडणारे दोन कंस. ज्यांच्याकडे एखादी जुनी वही पडून असेल त्यांनी टोक चौदापासून सुरुवात करावी. टोक पंधरा करायची गरज नाही, ते ३ ने बाद झालेलंच आहे.